अंकांचा खेळ आणि मूळ संख्या : देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा वारसा



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं गणितावर बोलायला उभं राहावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आजचा विषय दोन्ही घरांच्या मधल्या कुडावर बसलेला आहे. मूळ संख्या म्हणजे काय, हे गणित सांगतं. संख्या म्हणजे काय आणि तिचं लिहिलेलं रूप म्हणजे काय, हा प्रश्न मात्र आमच्याकडे येतो. आज ज्या संख्यांबद्दल बोलायचं आहे, त्यांच्यात हे दोन्ही प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत. त्या मूळ संख्या आहेत, आणि शिवाय त्यांच्या अंकांत काहीतरी गंमत आहे. ही नुसती गंमत आहे की विद्या, यावर गेली ऐंशीहून अधिक वर्षं वाद आहे. त्या वादाच्या मध्यभागी एक मराठी शाळामास्तर उभा आहे. त्याची ही गोष्ट.

सुरुवात तुमच्या गावापासूनच करू. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर 'वडसा' लिहिलेलं आहे. तालुक्याच्या कागदांवर 'देसाईगंज' आहे. गाव एकच. आता कोणी म्हणालं, 'हे गाव वैनगंगेच्या काठी आहे', तर ते विधान गावाबद्दलचं आहे. नाव कुठलंही घ्या, ते खरंच राहतं. पण कोणी म्हणालं, 'हे गाव तीन अक्षरी आहे', तर ते 'वडसा' म्हटल्यावर खरं आणि 'देसाईगंज' म्हटल्यावर खोटं. कारण तो गुण गावाचा नाहीच, तो नावाचा आहे. एवढा एक फरक मनात ठेवला, तर आजचं अर्धं व्याख्यान झालं म्हणून समजा.

आता मूळ संख्या. तेंदूपत्त्याच्या हंगामात ७० पानांचं पुडकं बांधतात, हे इथं कोणाला सांगायला नको. ती ७० पानं जमिनीवर सारख्या ओळींत मांडता येतात. १० पानांच्या ७ ओळी होतील, १४ पानांच्या ५ होतील, ३५ पानांच्या २ होतील. आता त्यात एकच पान वाढवा. ७१ पानं झाली. आता कितीही डोकं चालवा, एका लांबलचक ओळीशिवाय ती सारखी मांडताच येत नाहीत. ७१ ही मूळ संख्या आहे. हा गुण पानांच्या संख्येचा आहे. देवनागरीत लिहा, रोमनमध्ये लिहा, भिंतीवर कोळशानं ७१ रेघा ओढा, फरक पडत नाही. मूळपण म्हणजे वैनगंगेच्या काठी असण्यासारखं आहे.

पण ७१ उलटं लिहिलं की १७ होतात, आणि १७ ही सुद्धा मूळ संख्या आहे. हा गुण कशाचा? हा तर लिहिण्यामुळे आला. 'तीन अक्षरी' असण्याचा हा भाऊ. अशा जोड्या बऱ्याच आहेत: १३ आणि ३१, ३७ आणि ७३, ७९ आणि ९७. मराठी मुलांची तर ३७ आणि ७३ मध्ये हमखास फसगत होते. आपण 'त्र्याहत्तर' म्हणतो, म्हणजे तीन आधी उच्चारतो आणि सत्तर मागून. लिहिताना मात्र सात आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यानामं आली आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत वाद गाजला, तो तुम्हाला आठवत असेल. त्या वादाचं मूळ हेच होतं. संख्या एक, तिचं बोलणं वेगळं आणि लिहिणं तिसरंच.

अंकांच्या गमती पुढेही जातात. १९७ घ्या. पहिला अंक उचलून शेवटी ठेवा, ९७१ झाले. पुन्हा तेच करा, ७१९. तिन्ही मूळ संख्या. ११३ चे अंक कसेही फिरवा, १३१ करा नाहीतर ३११ करा, प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. आणि ७३९३९१३३ ही तर राणीच म्हणायची. ही मूळ संख्या आहे. शेवटचा अंक पुसा, ७३९३९१३ उरते, तीही मूळ. पुन्हा पुसा, ७३९३९१, मूळ. असं पुसत जा, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी ७. वाटेत एकही संयुक्त संख्या येत नाही. असा गुण असलेली याहून मोठी संख्याच नाही.

'नाही' हे कशावरून? तर हे झाडासारखं वाढवून पाहता येतं. २, ३, ५ आणि ७ ही चार खोडं. प्रत्येकाला उजवीकडे एक अंक जोडायचा, आणि मूळ संख्या झाली तरच ती फांदी ठेवायची. दोन अंकी ९ फांद्या मिळतात, तीन अंकी १४, चार अंकी १६. मग झाड आटायला लागतं: १५, १२, ८ आणि आठ अंकी ५. पुढे एकही पालवी फुटत नाही. एकूण ८३ संख्या, आणि झाड संपलं. इथं कोणाच्या मताला जागा नाही, मोजून दाखवलेली गोष्ट आहे.

आता वादाकडे वळू. १९४० साली केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे छोटं पुस्तक लिहिलं. रामानुजनला जगापुढे आणणारे तेच हे हार्डी. गणितातलं गंभीर काय आणि क्षुल्लक काय, हे सांगताना त्यांनी क्षुल्लकाची दोन उदाहरणं दिली. पहिलं, ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत; ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. दुसरं, १५३ सारख्या संख्या, ज्या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असतात. १ चा घन १, ५ चा १२५, ३ चा २७, बेरीज १५३. हार्डींचा निकाल असा की ही कोड्यांच्या सदरात शोभणारी सामग्री आहे, गणित्याला तिच्यात काही नाही. त्यातून पुढे काही निघत नाही, एका संख्येचं सत्य दुसऱ्या कशाला जोडलं जात नाही.

हार्डींचं म्हणणं आम्ही हलकं मानत नाही. त्यांचा कस योग्यच आहे. जे सत्य एकटंच उभं राहतं आणि कशालाच हात देत नाही, ते लहान सत्य. प्रश्न एवढाच की अंकांच्या सगळ्याच गमती तशा एकट्या असतात का?

हार्डी केंब्रिजमध्ये हे लिहीत होते, तेव्हा नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर दहा वर्षांपासून मुलांना गणित शिकवत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनमध्ये. तिथं १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. हे परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. १९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि औपचारिक शिक्षण तिथंच थांबलं. एम. ए. नाही, पीएच. डी. नाही. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत मास्तरकी केली.

या गुरुजींना संख्यांचे अंक म्हणजे जिव्हाळ्याची माणसं वाटायची. त्यांनी संख्यांची नावंही तशीच ठेवली. आपल्या अंकांच्या बेरजेनं नि:शेष भागली जाणारी संख्या ती 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. मुंबईजवळच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेमलो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, ज्या संख्या सुचल्या त्यांचं नाव डेमलो. आणि ज्यांना जन्म देणारी संख्या सापडत नाही, त्या 'स्वयंभू'.

स्वयंभू म्हणजे काय ते पाहू, कारण तिथं मूळ संख्यांशी गाठ पडते. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले, तर २ आणि ३ मिळून ५, म्हणून पुढची संख्या २८. गुरुजींच्या भाषेत २३ ही २८ ची जनक. आता विचारा, ३१ ची जनक कोण? २४ पासून ३० मिळतात, २५ पासून ३२ मिळतात. मागेपुढे सगळं शोधलं, तरी ३१ कुणापासूनच होत नाहीत. ३१ स्वयंभू. आणि ३१ मूळ संख्याही आहे. म्हणजे तिला गुणाकारातले अवयव नाहीत आणि या बेरजेच्या वाटेनं जनकही नाही. ३, ५, ७, ३१, ५३, ९७, २११ या अशा दुहेरी अनाथ संख्या. किंवा दुहेरी स्वतंत्र म्हणा, ज्याची त्याची दृष्टी.

इथं गुरुजी नुसती यादी करून थांबले नाहीत. अशा संख्या का उरतात, हे त्यांनी विचारलं. १०१ पाहा. ९१ मध्ये ९ आणि १ मिळवले की १०१ होतात. १०० मध्ये १ मिळवला तरी १०१ होतात. एकाच घरात दोन पाहुणे शिरले. पाहुणे आणि घरं मोजून ठेवलेली असतील, तर कुठलं तरी घर रिकामं राहणार. ते रिकामं घर म्हणजे स्वयंभू संख्या. अशा संख्यांना अंत नाही, हेही त्यांनी सिद्ध करून दाखवलं. १९६३ साली या विषयावरचं पुस्तक त्यांनी देवळालीहून स्वतःच छापलं. मोठ्या नियतकालिकांची दारं बहुतेक बंदच होती.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध संख्या ६१७४. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तिथंच थांबते. १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं, आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त ते छापून आलं. आपल्याकडच्या विद्वानांनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा आपल्याला आपला माणूस कळला. गुरुजी तोपर्यंत सत्तर वर्षांचे झाले होते.

मित्रहो, झाडीपट्टीच्या माणसाला यात नवं काही नाही. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, हजारो माणसं पाहतात. आणि तरी मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना पुण्या-मुंबईची मंडळी वैनगंगेपर्यंत क्वचितच पोहोचत असत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. केंद्रापासून लांब असलेल्याचं काम 'खेळ' ठरतं, आणि केंद्रात बसलेल्याचं तेच काम 'कला' किंवा 'विद्या' ठरतं. पण एवढ्यावर समाधान मानलं, तर ती नुसती तक्रार होईल. गुरुजींवर अन्याय झाला म्हणून त्यांचं गणित मोठं होत नाही. ते मोठं आहे का, हे हार्डींच्याच कसावर घासून पाहायला हवं.

त्या आधी एक छोटी गोष्ट. १७२९ ही संख्या सगळ्यांना माहीत आहे. आजारी रामानुजनला भेटायला हार्डी त्या क्रमांकाच्या टॅक्सीतून गेले आणि संख्या निरस आहे म्हणाले. रामानुजननं लगेच सांगितलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे. हा झाला संख्येचा गुण, गावाचा गुण. आता गुरुजींच्या नजरेनं पाहा. १, ७, २ आणि ९ यांची बेरीज १९. आणि १७२९ म्हणजे १९ गुणिले ९१. म्हणजे ती हर्षद आहे, शिवाय १९ उलटे केले की ९१. तिला ६१७४ च्या वाटेला लावा: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त लागतात तेवढ्या. रामानुजनचं उत्तर खोल आहे आणि हे उत्तर गमतीचं आहे, हे आम्ही मान्य करतो. पण निरस तर ती कुठूनच नाही.

आता कस लावू. गुरुजींच्या डेमलो संख्यांपैकी सगळ्यात देखण्या म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१. या येतात कुठून? ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. म्हणजे त्यांच्या मुळाशी नुसत्या एकांच्या माळा आहेत. मग सहज प्रश्न येतो की या माळांपैकी मूळ संख्या कोणत्या?

११ मूळ आहे. १११ नाही, ती ३ गुणिले ३७. ११११ नाही, ती ११ गुणिले १०१. १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सहा एक असतील तर सांगायलाच नको. दोन-दोनचे गट पाडले की ११ नं भाग जातो, तीन-तीनचे पाडले की १११ नं. यावरून एक नियम हाती येतो. एकांची माळ मूळ संख्या असायची असेल, तर त्या एकांची मोजदादच मूळ संख्या असायला हवी. पण एवढं पुरत नाही, हे तीन आणि पाच एकांनी दाखवलंच. ११ नंतरची अशी माळ थेट १९ एकांची आहे. मग २३ एकांची. मग ३१७ एकांची, जी १९७०च्या दशकात ह्यू विल्यम्स यांनी सिद्ध केली. १०३१ एकांची माळ मूळ आहे, हे विल्यम्स आणि हार्वी डब्नर यांचं काम १९८६ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी कापरेकर गुरुजी वारले. पुढची ४९०८१ एकांची. ती मूळ असावी असं १९९९ साली दिसलं होतं, पक्की सिद्धता २०२२ साली झाली. अशा माळा अनंत आहेत का, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

कोणी म्हणेल, हाही लिपीचाच खेळ. माणसाला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहानं मोजतो. आठ बोटं असती तर या माळा वेगळ्याच झाल्या असत्या. बरोबर आहे. पण मग लिपी बदलूनच पाहू की. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहितो. त्या लिपीत एकांच्या माळा म्हणजे ११, १११, ११११, १११११. आपल्या आकड्यांत त्या ३, ७, १५, ३१. यांतल्या ज्या मूळ आहेत, त्या ३, ७, ३१, १२७ वगैरे गणिताच्या इतिहासातल्या अत्यंत मानाच्या संख्या आहेत. सतराव्या शतकातल्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचं नाव त्यांना मिळालं. त्याही आधी, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, युक्लिडनं त्यांचा 'परिपूर्ण' संख्यांशी संबंध सिद्ध केला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या याच घरातली. आपल्या लिपीत ती ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. संगणकाच्या लिपीत मात्र ती नुसते १३,६२,७९,८४१ एक आहे, दुसरं काही नाही.

म्हणजे डोंबिवलीच्या माळा आणि मर्सेनच्या माळा एकाच प्रश्नाची दोन रूपं आहेत. दहाच्या लिपीतला प्रश्न क्षुल्लक आणि दोनच्या लिपीतला गंभीर, असं म्हणायला तर्कशास्त्रात जागा नाही.

दुसरा धागा अपूर्णांकांचा. १ ला ७ नं भागा. ०.१४२८५७ येतं आणि हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. सहाच का? कारण ७ नं ९९९९९९ ला भाग जातो, सहा नवांना, आणि त्याहून कमी नवांना जात नाही. ३७ नं ९९९ ला भाग जातो, म्हणून १ भागिले ३७ मध्ये ०२७ हे तीन अंक फिरतात. ४१ नं पाच नवांना, म्हणून तिथं पाच अंक फिरतात. नवांच्या माळा म्हणजे एकांच्या माळांची नऊपट. तेव्हा एकांच्या माळेचे अवयव शोधणं म्हणजे कोणता भागाकार किती अंकांनी फिरतो हे शोधणं. १९ एकांची मूळ संख्या घेतली, तर १९ अंकांनी फिरणारा भागाकार देणारी मूळ संख्या जगात तेवढी एकच. गाउसनं १८०१ च्या आपल्या महाग्रंथात या फिरत्या अंकांचा विचार केला आहे. अंक मोजता मोजता आपण थेट गाउसच्या अंगणात येऊन पोहोचतो.

आणि आता अलीकडचं. अंकांची बेरीज हे गुरुजींचं आवडतं हत्यार. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम किती वेळा येते आणि विषम किती वेळा? १९६८ साली रशियन गणिती गेलफोंड यांनी हा प्रश्न मांडला होता. दिसायला शाळेच्या वहीतला प्रश्न. २०१० साली मोदुई आणि रिव्हा या दोन फ्रेंच गणितींनी सिद्ध केलं की पुढे पुढे जावं तसं दोन्हींचं प्रमाण निम्मं-निम्मं होत जातं. ही सिद्धता गणितातल्या सगळ्यात प्रतिष्ठित नियतकालिकात छापली गेली. त्यानंतर इंग्लंडच्या जेम्स मेनार्ड यांनी दाखवलं की ० ते ९ पैकी कोणताही एक अंक, समजा ७, पूर्ण वर्ज्य केला, तरी तो अंक नसलेल्या मूळ संख्या अनंत आहेत. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि २०२२ साली मेनार्ड यांना फील्ड्स पदक मिळालं. लिपीचा गुण आणि संख्येचा गुण हे इतके अनोळखी, की त्यांची गाठ घालून देणं अतिशय अवघड. तीच गोष्ट या प्रश्नांना खोली देते. हार्डींनी ज्या अंगणाला कोड्यांचं अंगण म्हटलं, तिथं त्यांच्याच देशातला गणिती गंभीर काम करतो आहे.

पण इथं तोल सांभाळायला हवा. कापरेकर गुरुजींनी हे सगळं आधीच सांगितलं होतं, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणण्याची आपल्याकडे फार खोड आहे. त्यांच्याकडे ती साधनं नव्हती, आणि त्यांच्या पुष्कळ गमती गमतीच राहिल्या. ७३९३९१३३ चं झाड आठव्या पायरीला संपतं, त्यातून पुढे वाट जात नाही. हार्डींचा कस तिथं लागू पडतो. त्यांनी दिलेली उदाहरणंही खरोखर लहानच आहेत. फक्त त्या उदाहरणांवरून सबंध अंगणाला नाव ठेवणं चुकलं. एखादा प्रश्न लहान की मोठा, हे तो कुठून आला त्यावरून ठरत नाही. 'असं का?' विचारल्यावर तो आपल्याला कुठे घेऊन जातो, त्यावरून ठरतं.

आमच्या दर्शनशास्त्रात न्याय-वैशेषिकांनी संख्येला गुण मानलं आहे, रंग, रस यांच्या पंगतीला. पण एक मख्खी त्यांनी नेमकी पकडली. दोनपणा किंवा तीनपणा वस्तूत आपला आपण पडून नसतो. कोणीतरी 'हा एक आणि हा एक' असं एकत्र पाहावं लागतं, तेव्हा तो उपजतो. या पाहण्याला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. आम्हाला वाटतं, अंकांच्या गमतीतही तसंच आहे. ३१ अनाथ आहे हे जगाच्या सुरुवातीपासून खरं होतं. पण ३१ आणि तिच्या अंकांची बेरीज एकत्र पाहणारी नजर देवळालीत उपजली. शोधकाचं श्रेय ते तेवढंच, आणि ते थोडं नाही.

शेवटी एका गोष्टीपासून सावध करायचं आहे. अंकांच्या बेरजेवर आज बाजारात मोठा धंदा चालतो. नावाचं स्पेलिंग बदला, मोबाईलचा नंबर बदला, गाडीचा नंबर अमुक बेरजेचा घ्या, नशीब उघडेल. अंकांची बेरीज हे लोकही करतात आणि कापरेकर गुरुजीही करत. मग फरक काय? 'का?' विचारल्यावर गुरुजी सिद्धता देतात आणि अंकज्योतिषी पावती देतो. आपले जुने हिशेबनीस नवाचा ताळा पाहत, तोही अंकांच्या बेरजेचाच प्रकार. पण त्यामागे कारण आहे: १०, १००, १००० यांना ९ नं भागलं की प्रत्येक वेळी बाकी १ उरते, म्हणून संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची ९ नं भागल्यावरची बाकी सारखीच असते. ज्याला हे कारण ठाऊक आहे, त्याला गाडीच्या नंबरावरून कोणी फसवू शकत नाही. अंकांचा खेळ मुलांना शिकवायचा तो यासाठी. इथल्या मुलांजवळ प्रयोगशाळा नसेल, मोठं ग्रंथालय नसेल. वही, पेन्सिल आणि दहा अंक तर आहेत. देवळालीच्या मास्तरांपाशी त्याहून फार जास्त काही नव्हतं.

म्हणून इथं बसलेल्या विद्यार्थ्यांना आमचं एवढंच सांगणं. १ ते १०० मधल्या स्वयंभू संख्या घरी जाऊन शोधा. त्या १३ आहेत, आणि त्यांतल्या सहा मूळ आहेत. यादी मोबाईलवर मिळेल, पण ती पाहू नका, वहीत करा. आणि करता करता दिसेल की ९ च्या पुढे त्या ११-११ च्या अंतरानं येतात: २०, ३१, ४२, ५३. त्या अंतरानंच का येतात, हे आम्ही आज मुद्दाम सांगत नाही. ज्याला उत्तर सापडेल, त्यानं ते आपल्या गणिताच्या शिक्षकांना फळ्यावर लिहून दाखवावं.